ओटीचा सव्वा किलो तांदूळ

१९९८ च्या मे महिन्यातला तिसरा रविवार. रक्कम सहाशे साठ रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, तांदूळ विकणारी काकी आणि पडवीत विडी ओढत बसलेले काका.

वहीतली नोंद एवढीच आहे. साठ किलो तांदूळ, दर अकरा रुपये. तोच तांदूळ तेव्हा नारायणगावच्या दुकानात चौदा रुपये होता. म्हणजे एकशे ऐंशी रुपये वाचले. पिंपळवंडीहून नारायणगाव, तिथून मंचर, मंचरहून घोडेगाव आणि घोडेगावहून जीपनं वर वाडीपर्यंत, असं एका माणसाचं एका बाजूचं भाडं अठ्ठावीस रुपये. दोघांचं जाऊन-येऊन एकशे बारा. दोन पोत्यांच्या लगेजचे बारा. हे एकशे चोवीस वजा केले की निव्वळ बचत राहिली छप्पन्न रुपये.

छप्पन्न रुपयांत त्या वेळी किलोभर गोडेतेल येऊन वर अंगाच्या साबणाच्या दोन वड्या येत. मी शाळेत क्लार्क होतो. घरात आम्ही दोघं आणि एक मुलगी, अशी तिघं. किराणा महिन्याचा महिन्याला सुटा घेतला तर पगार पंचवीस तारखेलाच संपायचा. म्हणून जे वर्षाचं घेता येईल ते वर्षाचं घ्यायचं, आणि जिथं पिकतं तिथून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. बाजरी बेल्ह्याच्या बाजारातून. जनावरांच्या बाजारासाठी आलेले टेम्पो परत जाताना रिकामे असत, त्यातला एखादा पिंपळवंडीच्या फाट्यावर दहा रुपयांत पोतं टाकून जायचा. गूळ गुऱ्हाळावरून, कडेला फुटलेली ढेप मागून घ्यायची, ती दोन रुपयांनी स्वस्त मिळे. तेलाचा पंधरा किलोचा डबा तीन घरांत वाटून. रिकामा डबा पाळीपाळीनं एकेका घराला.

आणि तांदूळ काकीकडून.

तांदळाची गोष्ट मात्र मी ज्या वहीत लिहिली तिथं पूर्ण आलेली नाही. मला वाटायचं, आपण तांदूळ आणायला जातो आणि ही जाता जाता पाणी बघून येते. खरं तर ही पाणी बघायला जात होती. हे मला कळायला आठ वर्षं लागली, म्हणून इथं आधीच सांगून टाकतो.

माझ्या बायकोचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. आमचं लग्न त्याच गावात, तिच्या अंगणात झालं होतं. अंगणातच सलग खडकात कोरलेलं एक उखळ होतं. भात त्यात कांडायचे. आमच्या लग्नाची हळदही त्यातच कांडली, हे मला आठवतं, कारण हळद कांडताना तिच्या मैत्रिणींनी माझं नाव घेऊन काहीतरी म्हटलं होतं आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. मी मांडवात बसून ऐकत होतो. लग्नानंतर तीन-चार वर्षांत पाणी आलं. लोकांनी दारं नेली, वासे नेले, कौलं नेली, जात्याच्या तळ्या नेल्या. उखळ खडकातच होतं, ते नेता आलं नाही.

तिचे आईवडील भोसरीला भावाकडे गेले. भावाची एक खोली आणि पुढं पत्र्याचा आडोसा. दिवाळीला ती तिथं जायची, दोन रात्री राहायची आणि परत यायची. "माहेरी गेले व्हते," असं मात्र कधी म्हणायची नाही. "भोसरीला गेले व्हते," म्हणायची.

काकीचं घर वरच्या वाडीत होतं, चढावर. पाणी तिथवर पोचलं नाही. काकी नात्यातली होती, पण कितव्या नात्यातली ते मला कधी नीट समजलं नाही. बायको लहान असताना तिच्या अंगणातल्या उखळात भात कांडायला काकी वरून खाली यायची. काकीची भातखाचरं डोंगराच्या बाजूला होती, तीही वाचली.

तांदूळ काकीकडून आणायची कल्पना बायकोचीच. माझं म्हणणं होतं की जायचंच तर जानेवारीत जावं, भात नुकताच निघालेला असतो, दर उतरलेला असतो. ती म्हणाली, "नवा तांदूळ चिकट व्हतो. मे महिन्यापतूर त्यो जुना व्हतो, मग फुगतो. वाटीला वाटी जास्त भात निघतो. तुमीच हिशेब करा."

हिशेब पटला. मी मे महिना मान्य केला. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि गावाची जोती उघडी पडतात, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्याकडून पैसे सुटायचे तर आकडा लागतो, हे तिनं लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं होतं. मग ती माझ्याशी आकड्यांत बोलायला शिकली.

त्या पहिल्या रविवारी मी बरोबर स्प्रिंगचा काटा नेला होता, हुकाला पोतं लटकवून वजन करायचा. काकीकडं मोजायला पितळी पायली होती, कडा झिजून पातळ झालेली. काटा बघून तिनं कपाळावर हात मारला.

"जावयबापू, काटा घेऊन आलाव? आमी काय वाणी हाय व्हय?"

"काकी, पायलीचं वजन प्रत्येक हाताला वेगळं भरतं. किलोनं घेतलं की तुमचंही नुकसान नाही, आमचंही नाही."

"नुकसान! ऐकलं का," ती काकांकडं वळून म्हणाली, "जावई आपलं नुकसान टाळायला आलेत पार पिंपळवंडीवरनं."

काका विडीचा धूर सोडून म्हणाले, "टाळू दे की. आजपतूर कुनी टाळलं न्हाई."

तरी काकीनं पायलीनंच मापलं. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती मोठ्यानं म्हणायची, "लाभ... दोन... तीन..." आणि दर पायलीवर शीग लावायची, म्हणजे काठाच्या वर तांदळाचा ढीग राहील तेवढा ओतायची. मी ते पोतं काट्याला लावून बघायचो. कधी पावणेचार किलोची पायली भरली, कधी चार किलोला थोडी वर. साठ किलो झाल्यावर मी "बास" म्हणालो.

आमचं मापणं चालू असताना बायको खाली उतरून गेली होती. वाडीवरून खाली पाण्यापर्यंत दहा मिनिटांचा उतार. मी मापून झाल्यावर पडवीपुढच्या आंब्याखाली येऊन उभा राहिलो तेव्हा ती मला तिथून दिसली. चिखल वाळून भेगाळलेली पांढुरकी जमीन, तिच्यावर दगडांच्या ओळी, आणि एका जागी ती उकिडवी बसलेली. हातानं काहीतरी उपसून बाजूला टाकत होती. उखळात वर्षभराचा गाळ बसायचा, तो ती काढायची. परत आली तेव्हा कोपरापर्यंत हात राखाडी झाले होते. काकीनं हंड्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं.

मी घड्याळात पाहिलं होतं. पाऊण तास. तीनची जीप चुकली तर पाचची, आणि पाचच्या जीपनं मंचरला शेवटची सोयीची एसटी मिळत नाही. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

निघताना काकीनं तिला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, पदर पुढं धरायला लावला आणि सुपातले तांदूळ ओंजळीनं तिच्या पदरात घातले. पाच ओंजळी. वर एक नारळ. माहेरवाशिणीची ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्या बहिणींची ओटी आमच्याही घरात भरली जायची. पण ते तांदूळ बायकोनं पदराच्या गाठीत बांधून पार घरापर्यंत मांडीवर घेऊन आणले, हे मात्र मी एसटीत बसल्या बसल्या बघत होतो. साठ किलो टपावर आणि ते गाठोडं मांडीवर.

घरी आल्यावर मी रीतीप्रमाणे सगळं पुन्हा वजन केलं. पोती, आणि गाठोडंही. सव्वाएकसष्ट किलो. सव्वा किलो जास्त. वहीत मी लिहिलं: सूट सव्वा किलो, दुकानभावानं किंमत साडेसतरा रुपये. खरा दर पडला दहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे.

बायको कोठीत घालायच्या तांदळाला बोरिक पावडर चोळत होती. तिनं वहीकडं मान वळवून पाहिलं.

"सूट कसली?"

"काकीनं जास्त दिले ना."

"ती ओटी हाय माजी."

"हो, पण तांदूळच आहे ना? खाण्यातच जाणार."

"ओटी काट्याला लावतात व्हय?" ती म्हणाली, आणि ते गाठोडं तिनं कोठीत न टाकता स्टीलच्या एका डब्यात वेगळं ठेवलं. त्यातला भात ती वर्षभर अधूनमधून, नागपंचमीला, भाऊबिजेला, असा मूठमूठ शिजवायची. मला वाढायची, मुलीला वाढायची. वेगळा आहे असं सांगायची नाही.

मी नोंद खोडली नाही. जे घरात आलं ते आलं, ते लिहिलं नाही तर जमा-खर्च जुळणार कसा, असं माझं मत होतं. पुढं चार वर्षं आम्ही दर मे महिन्यात गेलो, आणि दर वर्षी मी ओटीचं वजन करून सूट या सदरात लिहिलं. कधी सव्वा किलो, कधी थोडं कमी-जास्त. काकीनं हात कधी आखडला नाही.

त्या फेऱ्या मला आज फार आठवतात. फाट्यावर सकाळची थंडगार हवा, मंचरच्या स्टँडवर दोघांत एक भेळ, कारण दोन घेतल्या तर आठ रुपये होत. घोडेगावच्या पुढं जीपमध्ये आम्ही बावीस माणसं मोजली होती, ड्रायव्हर धरून. बायको खिडकीशी बसायला भांडायची, एरवी कधीच कुणाशी न भांडणारी. एका वळणावर पाणी पहिल्यांदा दिसायचं. तिथं ती बोलणं थांबवायची. मीही थांबायचो, पण मी मनात परतीचं भाडं जुळवत असायचो.

एकदा मुलगीही आली होती. उखळापाशी बसून तिनं आईला विचारलं, "तुझं घर कुठंय?" बायको म्हणाली, "तू बसलीस ना, तिथं चूल व्हती." मुलगी चटकन उठून बाजूला झाली. मग दोघीही हसल्या. हे मला मुलीनं नंतर सांगितलं. मी वर पोती शिवत होतो.

२००३ चा मार्च. शाळेतून घरी आलो आणि मी वर्षाच्या खरेदीचा अंदाज मांडायला बसलो. दुकानात तांदूळ सोळा रुपये झाला होता. काकीचा निरोप होता की यंदा चौदा. फरक दोन रुपये, साठ किलोला एकशे वीस. भाडं मात्र वाढून एका माणसाचं एका बाजूला चव्वेचाळीस झालं होतं. दोघांचं एकशे शहात्तर, लगेज वीस. एकूण एकशे शहाण्णव. तोटा शहात्तर रुपये.

मी ते तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"पर जुना तांदूळ फुगतो," ती म्हणाली.

"दुकानातही जुना मिळतो आता."

"तसा फुगत न्हाई."

मी म्हणालो, बघू. दुकानातून पावशेर नमुना आणला. कोठीतला काकीचा तांदूळ एक वाटी, दुकानातला एक वाटी. दोन सारख्या पातेल्यांत, सारख्या पाण्यात शिजवायला सांगितला. मुलगी दारात उभी राहून शेजारणीला ओरडून सांगत होती, "काकू, या, बघा, पप्पा भात मोजतायत!" भात निवल्यावर मी तो त्याच वाटीनं मोजला. काकीचा तीन वाट्या आणि थोडा. दुकानचा तीन वाट्या.

"फरक नाही," मी म्हणालो.

"थोडा हाय."

"थोडा म्हणजे किती? दोन घास?"

ती परत भाकरी थापायला बसली. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, म्हणून मी तिच्या बाजूनं हिशेब पुन्हा मांडला. मनापासून मांडला. म्हणालो, "थांब, मी ओटी धरलीच नव्हती. सव्वा किलो ओटी, सोळाच्या भावानं वीस रुपये. ते शहात्तरातून वजा कर. ओटी धरूनसुद्धा छप्पन्न रुपये तोटा आहे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात पुसला आणि म्हणाली, "बरं."

त्या मे महिन्यात मी दुकानातून साठ किलो तांदूळ आणला. हमाली धरून. पोतं घरपोच आलं, रविवार वाचला. रविवारी मी घराच्या पाठीमागच्या भिंतीला चुना दिला, त्याचेही मजुरीचे पैसे वाचले. हे सगळं वहीत आहे.

त्या वर्षी बायको स्टीलचा डबा पुरवून पुरवून वापरत होती. दिवाळीच्या आसपास तो रिकामा झाला. तिनं घासून पालथा घातला आणि दुसरं काही त्यात भरलं नाही. फळीवर जागा कमी होती, मी एकदा म्हणालोही, "यात डाळ ठेव की." ती म्हणाली, "ठेवते." ठेवली नाही.

२००४ च्या मे महिन्यात कोठी बघितली तर वीस किलो तांदूळ शिल्लक होता. मी खूश झालो. नवा चाळीसच घेतला. वहीत लिहिलं: वापरात बचत वीस किलो, तीनशे वीस रुपये. पुढच्या वर्षी पुन्हा वीस शिल्लक. पुन्हा चाळीस घेतला, पुन्हा बचत लिहिली. शाळेतल्या शिक्षकांना मी सांगायचो की आमच्या घरात तांदळाचा खर्च एक तृतीयांशानं कमी झाला. एक मास्तर म्हणाले, "भाऊ, उपाशी मारताय का वहिनींना?" आणि सगळे हसले. मीही हसलो.

२००६ च्या मे महिन्यात तिसऱ्यांदा वीस किलो शिल्लक निघाला. या वेळी मी आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. कमी-जास्त नाही, बरोबर वीस. दर वर्षी वीस. साठ किलो तिघांना वर्षभर लागायचा, म्हणजे माणशी वीस. तिघांतलं एक माणूस भात खात नव्हतं.

त्या दिवशी दुपारी जेवताना मी पहिल्यांदा तिच्या ताटाकडं पाहिलं. भाकरी, आमटी, कांदा. मला तिनं भात वाढला, मुलीला वाढला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. तीन वर्षं ती माझ्या समोर बसून असंच जेवत होती.

"तू भात नाही घेतलास?"

"नको."

"आज नको का रोजच नको?"

ती मुलीकडं बघून हसली. "आता इचारतायत," म्हणाली. मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई कधीच खात नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"का?" मी विचारलं.

"ह्यो तांदूळ मला नाय जात."

"मग सांगायचं ना."

"तुमी म्हनलाव, फरक न्हाई."

ती हे रागानं म्हणाली नाही. आमटी वाढता वाढता म्हणाली. मला आठवलं ते एवढंच की दर मे महिन्यात ती खाली जाऊन कोपरापर्यंत हात घालून गाळ काढायची, आणि मी वर उभा राहून पाऊण तास झाला असं म्हणायचो. मी तिला तांदळाऐवजी तांदूळ आणून दिला होता. तिचं जायचं तेवढंच एक ठिकाण मात्र मी शहात्तर रुपयांवर बंद केलं होतं. आणि वर तिची ओटी भावानं धरली होती.

मी म्हणालो, "रविवारी काकीकडं जाऊ."

"कशाला? तोट्यात जाईल."

"जाऊ दे."

"भाडं वाढलंय. बावन्न झालंय एका बाजूला. लगेज चोवीस. दोनशे बत्तीस नुसता जान्यायेन्यात." हे तिनं एका दमात म्हटलं. भाडं तिला पाठ होतं. आम्ही तीन वर्षं गेलो नव्हतो, आणि चालू भाडं तिला लगेजसकट पाठ होतं.

रविवारी आम्ही निघालो. काटा मी मुद्दाम खुंटीवरच ठेवला. मंचरला दोन भेळी घेतल्या. तिनं दुसरी भेळ बघून भुवया वर केल्या, पण खाल्ली.

वाडीत पोचलो तेव्हा पडवी रिकामी होती. काकी आतून बाहेर आली. तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं होतं. काका दीड वर्षापूर्वी गेले होते. निरोप भोसरीला गेला होता, तिथून आमच्यापर्यंत आला नाही. बायको उंबऱ्यातच उभी राहिली. काकीनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून मला म्हणाली, "जावयबापू, काटा कुठाय?"

"आणला नाही."

"का वो? नुकसान व्हईल की आमचं." हे बोलताना तिचे डोळे भरले होते, तरी बोलली.

आम्ही खाली गेलो. या वेळी मीही गेलो. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्या उतारावरून पहिल्यांदाच खाली उतरत होतो. त्या वर्षी पाणी फारसं हटलं नव्हतं. जोतं दिसत नव्हतं. ज्या जागी ती बसायची तिथं पाणी होतं, गढूळ, शांत. मी काठावर थांबून म्हणालो, "यंदा नाही दिसणार."

तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि आत पाय टाकला.

"अगं, चिखल आहे. खोल किती आहे माहीत नाही."

"मला म्हाईत हाय." ती पायानं चाचपत पुढं गेली. एकदा थांबली, डावीकडं डोंगराच्या सोंडेकडं पाहिलं, मग दोन पावलं उजवीकडं सरकली. "ह्यो उंबरा. हितनं सात पावलं." पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. सातव्या पावलाला तिचा पाय खाली गेला आणि ती थांबली. "हाय," ती म्हणाली. "हितंच हाय."

मी पॅन्ट वर दुमडली आणि गेलो. तिनं माझा हात धरून माझा पाय त्या जागी नेला. खडक गार होता, गुळगुळीत. मधे गोल खळगा, गाळानं जवळजवळ भरलेला. चार वर्षांचा गाळ. मी वाकून हात घातला आणि ओंजळभर काढून बाजूला टाकला. पाण्यात तो परत पसरत होता, अर्धा परत आत जात होता. उपयोग नव्हता. तरी आम्ही दोघं बराच वेळ काढत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

वर आलो तर काकीनं तांदूळ काढून ठेवला होता. तिनं पायली घेतली. "लाभ... दोन..." आवाज थोडा बसला होता. पंधरा पायल्या. प्रत्येकीवर शीग. मी पोतं धरून उभा होतो, दुसरं काही केलं नाही.

मग ओटी. काकीनं पाट मांडला आणि सुनेला हाक मारली. सून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. काकी दाराच्या आड सरकली.

बायको पाटावर बसली नाही. "तू भर," ती काकीला म्हणाली.

"येडी का काय. मला चालतंय व्हय आता? सून हाय ना."

"सुनेनं कुंकू लावावं. ओटी तू भर."

"लोक काय म्हनतील?"

"लोक पान्यात गेले," बायको म्हणाली. "तू एकटी ऱ्हायलीस. तू नाय भरली तर मी रिकाम्या पदरानं जाईन."

काकीनं डोईवरचा पदर सारखा केला. मग पुढं आली. सुनेनं कुंकू लावलं आणि सूप सासूच्या हातात दिलं. काकीच्या ओंजळीतले थोडे तांदूळ पाटावर सांडले, ते सुनेनं वेचून पदरात टाकले. पाच ओंजळी झाल्या. काकी थांबली नाही, आणखी एक घातली. "ही मागल्या सालाची," म्हणाली. मग आणखी एक, आणि आणखी एक. आम्ही न आलेल्या तिन्ही सालांच्या तिनं घातल्या.

तीनची जीप गेली होती. पाचचीनं निघालो. मी काकीला दर विचारला. ती म्हणाली, "पायलीला साठ. पर तुमी काय द्याल ते द्या." मी घासाघीस केली नाही आणि जास्तही दिले नाहीत, तिला आवडलं नसतं.

घरी आल्यावर गाठोडं सरळ स्टीलच्या डब्यात गेलं. वजन केलेलं नाही. त्या रविवारची नोंद अशी आहे: तांदूळ पंधरा पायल्या, दर साठ रुपये. नऊशे रुपये रोख दिले, काकीला.